समूला पाडणारी पोर

हां, मृदंग जरा थांबू द्या. पेटीचा सूर राहू दे, बारीकसा. मंडळी, ऐका!

आज काला. सात दिवस तुम्ही बसलात, ऐकलंत, मधूनमधून डुलक्याही काढल्यात — हो, मला इथून सगळं दिसतं! — आज हंडी फोडायची आणि आपापल्या घरी जायचं. पण हंडीच्या आधी माझा एक प्रश्न आहे. आईबापांना आहे. लेकराला जिंकायला कोणत्या वयात शिकवावं?

बोला की! दहाव्या? आठव्या? ते खांबाजवळचे दादा चार बोटं दाखवतायत. चौथ्या वर्षी! अहो दादा, चौथ्या वर्षी त्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही, आणि तो जिल्ह्याचं नाव काढणार?

हसू नका. काल येताना तुमच्या वेशीवरचा बोर्ड वाचला मी. 'भव्य धावण्याची स्पर्धा — वयोगट पाच वर्षांखालील.' पाच वर्षांखालील! अहो, शिट्टी वाजली की त्यातली निम्मी पोरं आईकडे धावणार! उलट्या दिशेला! त्यांचा नंबर कसा काढायचा? ज्याची आई सगळ्यात जवळ तो पहिला?

तर ऐका. आख्यान पुराणातलं नाही. पंचगंगेच्या काठचं एक गाव. नाव सांगत नाही, तुमच्यात त्या गावचे पाहुणे बसलेले असतील, जेवताना मलाच धरतील! त्या गावात रंगराव खोत म्हणून एक गृहस्थ. पेंडीचं दुकान. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण छातीत एक सल घेऊन जगणारा.

काय सल? रंगराव आठ वर्षांचा होता तेव्हा गावच्या जत्रेत त्याच्या बापानं त्याला कुस्तीला उतरवलं. आमच्या त्या भागात जत्रेच्या फडाची सुरुवात चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्यांनी होते. रेवड्यांच्या कुस्त्या म्हणतात त्यांना. पोरं मातीत लोळायची, पंच मूठभर रेवड्या हातावर ठेवायचा. जिंकलेल्यालाही आणि पडलेल्यालाही. गंमत हो, दुसरं काय! पण थोरल्या खोतांना गंमत कळली नाही. रंगराव पडला. रेवड्या घ्यायला हात पुढे केला — आणि बापानं फडात येऊन, सगळ्या गावादेखत, फाडकन थोबाडीत दिली! "खोताचं नाव मातीत घातलंस!"

त्या दिवसानंतर रंगरावनं मातीत पाय टाकला नाही. आणि रेवडी? तोंडात घातली नाही, मंडळी. माणूस चाळिशीला आला तरी नाही!

मग त्याला पोरगा झाला. समरजित. लाडानं समू. बाळाची मूठ हातात घेऊन रंगरावनं ठरवलं — 'माझं लेकरू पडायचं न्हाई. जे माझ्या वाट्याला आलं ते ह्येच्या वाट्याला येऊ द्यायचं न्हाई.' सांगा, हेतू वाईट होता? मुळीच नाही! बापाचं काळीज होतं ते. पण काळीज कधीकधी डोक्याला विचारायला विसरतं.

समू पाच वर्षांचा झाला. जत्रा आली. रंगरावनं पोराला लाल लंगोट शिवला, अंगाला तेल लावलं, आणि सकाळी सकाळी बेकरीतून एक भलंमोठं खोकं आणलं. बायको म्हणाली — सुवर्णा तिचं नाव — "अहो, एवढं काय आणलंय?"

"क्रीमरोल."

"एवढं कोण खानार?"

"तू गप गं. हाय माझं काम."

काय काम होतं? मंडळी, नुरा कुस्ती ठाऊक आहे ना? पैलवान आधीच ठरवून घेतात, तू पड, मी जिंकतो, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. मोठमोठ्या फडांत अशी नुरा कुस्ती पकडली की लोक पैलवानांना हाकलून लावतात. आणि आपल्या रंगरावनं काय केलं? पाच वर्षांच्या पोरांत नुरा लावली! एकेका पोराला देवळाच्या मागं न्यायचं, खाली बसायचं, कानात सांगायचं, "हे बघ, समूनं हात लावला की पाठीवर पडायचं. आभाळ बघायचं. उठलास की हा क्रीमरोल तुझा!"

पाच वर्षांचं पोर. समोर क्रीमरोल. पडणार नाही तर काय करणार? अहो, काही काही तर समूनं हात लावायच्या आधीच पडली! एक तर सलामी देतानाच आडवं झालं! पंच म्हणतोय, "अरे थांब, अजून लागली न्हाई कुस्ती!" — पोरगं झोपूनच विचारतंय, "काका, आता मिळंल का?"

लोक हसले. टाळ्या वाजवल्या. रंगराव समूला खांद्यावर घेऊन नाचला. आणि ती मूठभर रेवडी बघून त्याचे डोळे भरून आले हो! खरंच भरून आले. त्याला वाटलं, छातीतला काटा निघाला.

काटा निघाला की दुसऱ्याच्या पायात गेला — ते बघू पुढे.

एका जत्रेची दुसरी झाली, दुसरीची तिसरी. जिथं जत्रा तिथं समू, आणि समूच्या मागं खोकं! एस. टी. स्टँडवर बोर्ड लागला. समूचा फोटो, दंड फुगवलेला, म्हणजे फुगवायला दंड कुठं होता, पण फोटोवाल्यानं फुगवला! 'अजिंक्य बालपैलवान समरजित रंगराव खोत.'

तालमीचे हिंदुराव वस्ताद एकदा दुकानात पेंड न्यायला आले. त्यांनी रंगरावला लहानपणापासून बघितलेलं. म्हणाले, "रंगा, पोराला माझ्याकडं सोड की संध्याकाळचा. मातीत लोळंल, चार पोरांत पडंल, उठंल."

"पडंल?" रंगराव एकदम उखडला. "माझं पोरगं पडाय न्हाई जन्मलं, वस्ताद!"

वस्तादांनी पोतं उचललं आणि गेले. कुणाच्या दुकानात उभं राहून भांडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

आता समूकडे या. पोरगं जिंकतंय, बोर्डावर झळकतंय. खूश असायला हवं ना? माउली, त्या पुढं बसलेल्या आयांनो, तुम्ही सांगा! नव्हतं ते खूश. जेवणावरची वासना गेली. जत्रा म्हटलं की पोटात दुखायचं. सुवर्णा म्हणायची, "अहो, पोरगं वाळत चाललंय."

"खुराक कमी पडतोय," रंगराव म्हणायचा. आणि दुधाचा पेला मोठा करायचा!

खुराक नव्हता कमी पडत. काय कमी पडत होतं सांगतो. गल्लीत पोरं शिवणापाणी खेळायची. समू धावत जायचा, एखाद्याच्या पाठीला हात लावायचा — आणि ते पोरगं धपकन पाठीवर पडून आभाळ बघायचं! आणि पडल्या पडल्या एक हात लांब करायचं, रंगरावच्या दुकानाच्या दिशेनं!

अहो, सवय लागली होती पोरांना! समूनं हात लावला की पडायचं. लंगडीत पडायचं, गोट्यांत पडायचं. एकानं तर वर्गात समूनं पट्टी मागायला खांद्याला हात लावला तर बाकावरून खाली उडी घेतली! हसता तुम्ही. मीही हसलो पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. पण समूच्या जागी बसा क्षणभर. ज्याला हात लावावा तो पडतोय. कुणी धरत नाही, कुणी ओढत नाही, कुणी चिडून मागं लागत नाही. सगळं गाव भोवती, आणि खेळायला कुणी नाही!

एके दुपारी सुवर्णा आतल्या खोलीत गेली. समू लोडाबरोबर कुस्ती खेळत होता. गादीवरच्या त्या गोल लोडाबरोबर. पोरगं खाली, लोड वर.

"काय रं, कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

"लोड," समू म्हणाला. "आई, ह्यो तरी वर बसतोय."

सुवर्णाला गलबलून आलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि बाहेर आली. नवऱ्याला म्हणाली, "बास करा आता." पण त्याच दिवशी रंगराव तालुक्याला जाऊन पोराचं नाव घालून आला होता. बालकेसरी स्पर्धा! सात वर्षांखालचा गट! मॅट, शिट्टी, गुणांचा फलक, माणसाच्या उंचीचा चषक. आता खोताचं नाव तालुक्यात गाजणार!

सुवर्णा म्हणाली, "तिथं खोकं न्हाई चालायचं."

रंगरावनं नुसता हात झटकला. पण मनात चरकला. ती म्हणाली ते खरं होतं.

तरी गेला की! खोकं घेऊनच गेला! सवय फक्त पोरांनाच लागत नाही, मंडळी.

स्पर्धेचा दिवस. मोठा मांडव. आत काय दृश्य! एकेका पोरामागं चार चार मोठी माणसं. एक आजोबा नातवाच्या पोटऱ्या चोळतायत — पोटऱ्या कसल्या, काकड्या त्या! एक आई पोराला सांगतेय, "तोंडाकडं बघू नको त्येच्या, मारायचं!" आणि पोरगं विचारतंय, "त्येचं नाव काय हाय?" कोपऱ्यात एक पिल्लू लंगोट सोडून शू करतंय, आणि लाऊडस्पीकरवर त्याच्याच नावाचा पुकारा चाललाय!

समूच्या समोर कोण आली? शर्वरी. होय, पोरगी! लहान गटात पोरं-पोरी एकत्रच होती. दोन शेंड्या, पुढचा एक दात पडलेला, डोळे असे टपोरे. बरोबर तिचा मामा. रंगराव हळूच गेला, खोकं उघडलं, मामाला बाजूला घेतलं. "पाव्हणं, पोरीला एवढं द्या. आन् सांगा, जरा पडायचं. पोरगं लहान हाय माझं. काय जातंय तुमचं?"

मामानं क्रीमरोल घेतला. मान डोलावली. "सांगतो की."

आणि रंगराव वळला तशी, मामानं तो क्रीमरोल स्वतःच खाल्ला! सकाळपासून उपाशी होता बिचारा! पोरीला एक शब्द सांगितला नाही. मंडळी, देव कधी कुणाच्या रूपात धावून येईल सांगता येत नाही. त्या दिवशी भुकेल्या मामाच्या पोटातून आला!

शिट्टी झाली. समू मॅटवर आला. खांदे पडलेले, तोंड उतरलेलं, रोजचंच काम असल्यासारखा. हात पुढं केला, शर्वरीच्या खांद्याला लावला, आणि वाट बघत उभा राहिला. आता पडंल.

ती पडली नाही!

समूनं वर बघितलं. तिनं त्याच्या हाताला हिसडा दिला, कमरेत वाकली, समूला उचलला — आणि धप्प! समू पाठीवर! आणि ती छातीवर!

मांडवातला पंखा गरगरतोय. समू खालून वर बघतोय. आजवर आभाळ दुसऱ्यांनी बघितलं होतं, आज पहिल्यांदा त्यानं बघितलं.

रंगरावच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला मांडव दिसेना, मॅट दिसेना. त्याला दिसला एक आठ वर्षांचा पोरगा, रेवडीसाठी हात पुढे केलेला. गालावर आग झाली त्याच्या, इतक्या वर्षांनी! तो मॅटकडे धावला. कशासाठी? मारायला की उचलायला? त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

आणि समू?

समू हसत होता! खदाखदा! मांडव डोक्यावर घेईल असा! उठून बसला आणि ओरडला, "आबा! आबा, हिला येतंय! हिला खरंच येतंय! पुन्यांदा!"

पंच म्हणाला, "पुन्हा नाही बाळा. बाद झालास तू. चल, बाजूला हो."

"पन आत्ता तर लागली की कुस्ती!"

"बाद म्हणजे बाद."

ऐका, ऐका त्या पोराचा प्रश्न! पहाटे उठवून, तेल लावून, एवढ्या लांब आणलं. जेमतेम खेळ सुरू झाला, आणि मोठी माणसं म्हणतात, तुझं संपलं, आता दिवसभर गप बस! पंचाची चूक नाही, त्याचा नियम आहे. पण नियम कुणी केला? सहा वर्षांच्या लेकरांनी?

रंगराव चषकाजवळ डोकं धरून बसला. थोड्या वेळानं मान वर केली — समू नाही. कुठं गेला? मांडवात नाही, पाण्याच्या टाकीजवळ नाही. काळजाचं पाणी झालं हो त्याच्या! पडला म्हणून लाजून कुठं पळालं तर नसेल? रस्त्यावर गाड्या आहेत! 'समू! समू!' करत रंगराव मांडवाच्या मागं धावला.

मांडवामागं बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. आणि त्या ढिगावर, मंडळी, बाद झालेली सगळी पोरं! आत मांडवात उरली होती मोजकी, रडकुंडीला आलेली, आईबापांच्या वेढ्यात. आणि इथं बाहेर गोकुळ भरलं होतं! कोण कुणाच्या अंगावर, कोण कुणाच्या खाली, काही पत्ता नाही. शर्वरीसुद्धा तिथंच. तिचा पुकारा चाललाय आत, मामा शोधतोय, आणि ही इथं समूला दुसऱ्यांदा लोळवतेय! तिसऱ्यांदा समूनं तिचा पाय धरला. सोडलाच नाही. दोघं मिळून ढिगावरून गडगडत खाली आली, थेट रंगरावच्या पायाशी.

समूच्या केसांत वाळू, कानात वाळू, गुडघा खरचटलेला. आणि तोंडावर असं तेज, की जे त्या बोर्डावरच्या फोटोत फोटोवाल्याला आणता आलं नव्हतं.

"आबा," समू धापा टाकत म्हणाला. मग जरा थांबला. डोळे बारीक केले. लेकरं वेडी नसतात हो, आपणच त्यांना वेडी समजतो! "आबा, ही पडत न्हाई. मग बाकीची का पडत हुती?"

आली का पंचाईत! काय सांगावं बापानं? खोटं बोलावं? सोपं होतं. 'तू लई ताकदीचा हाईस, म्हनून पडत हुती.' जिभेच्या टोकावर आलं होतं. पण समोर ते खरचटलेलं, हसरं तोंड होतं. रंगराव वाळूत खाली बसला. पेंडीचा दुकानदार, इस्त्रीच्या कपड्यांत!

"मी सांगितलं हुतं त्यास्नी," तो म्हणाला. "पडा म्हनून. क्रीमरोल देतो म्हनून."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यास्नी."

समूनं मान खाली घालून वाळूत बोट फिरवलं. रंगरावला वाटलं, आता हे लेकरू जन्मभर आपल्या तोंडाकडे बघायचं नाही.

"मंजी... मला कुस्ती येतच न्हाई?"

"न्हाई रं बाळा," रंगराव म्हणाला. "मलाबी येत न्हाई. मी पडलो एकदा, मार बसला, मग शिकलोच न्हाई. तू पडू नयेस म्हनून केलं रं मी. चुकलं माझं."

समूनं विचार केला. मोठा विचार केला, म्हणजे आपण जांभई देतो तेवढा वेळ. आणि म्हणाला, "मग शिकूया की!"

काय म्हणाला? शिकव नाही म्हणाला. शिकूया! आणि बापाच्या गळ्यात दोन्ही हात टाकून त्याला ओढायला लागला. "ये की आबा. ये! पन तू पडायचं न्हाईस हं! मुद्दाम पडलास तर मी बोलनार न्हाई तुझ्याशी!"

आणि मंडळी, रंगराव खोत वाळूत उतरला. ज्यानं इतकी वर्षं मातीत पाय टाकला नव्हता, तो उतरला! पोरानं जोर लावला. बापानंही लावला — पोराला पेलेल एवढा, पण खरा. समू खाली गेला, किंचाळला, हसला, निसटला, पुन्हा आला. मागनं शर्वरीनं रंगरावच्या पाठीवर उडी घेतली, तिच्यामागं बाकीची पोरं. रंगराव पडला! खरा पडला! पाठीवर, हात पसरून. वर मोकळं आभाळ. आणि कुणी थोबाडीत मारली नाही. त्याला हसू आलं की रडू, ते त्याला सांगता येईना. दोन्ही आलं असावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेक हिंदुराव वस्तादांच्या तालमीत गेले. वस्तादांनी दोघांकडं एकदा बघितलं. एक खोरं समूच्या हातात दिलं आणि एक रंगरावच्या. "माती उकरा आधी," म्हणाले. पुढं समू मोठा पैलवान झाला का? तुम्ही विचारणारच! मला माहीत नाही. आज सातवीत आहे. रोज पडतो आणि रोज जातो, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मंडळी, आपल्याकडे या. आज काला आहे. कान्ह्याच्या खेळाचा दिवस. तो पोरांत खेळायचा तेव्हा काय ठरलेलं असायचं? हरेल त्यानं जिंकणाऱ्याला पाठीवर घ्यायचं. आणि वैकुंठाचा राणा हरायचा की! गवळ्याच्या पोराला पाठीवर घेऊन रानभर हिंडायचा! यशोदामाई मागं मागं येऊन गवळ्यांच्या कानात सांगत होती का, पडा रे, माझा कान्हा लहान आहे, लोणी देते? नाही! म्हणून तर देवाला गोकुळ सोडवत नव्हतं. तिथं त्याच्याशी खरं खेळणारं कुणी होतं!

आणि आपण? देवळात येतो, नारळ ठेवतो आणि मागतो काय — देवा, माझ्या पोराचा पहिला नंबर येऊ दे! म्हणजे काय? बाकीच्या पोरांना पाड म्हणून देवाला सांगतोय आपण. त्यांच्या आयाही इथंच बसल्यात, तेच मागतायत! देवानं कुणाचं ऐकावं?

मी म्हणत नाही पोरांना खेळायला घालू नका. घाला! तालमीत घाला, मैदानात घाला, पाण्यात टाका. जिंकायचं वय त्यांचं ती शोधतील. तुम्ही पडायचं वय चुकवू नका. आणि पडल्यावर पहिलं तोंड तुमचं दिसेल, ते कसं दिसेल तेवढं बघा.

आता ते मागं दरवाज्याजवळ बघा. कधीपासून चुळबुळ चाललीय चिल्ल्यापिल्ल्यांची. आईनं मांडीला धरून बसवलंय. बायांनो, सोडा त्यांना. हंडीला अवकाश आहे. बाळांनो, उठा! देवळामागच्या पटांगणात जा आणि खेळा!

गेली बघा! चपलासुद्धा घातल्या नाहीत!

थांबा, थांबा दादा, तुम्ही कुठं उठला? बसा खाली. मोठ्यांपैकी कुणीही मागं जायचं नाही. शिट्टी नाही, फोटो नाही, 'पळ, पळ' नाही. फक्त ऐका. तो आवाज ऐकू येतोय? कोण ओरडतंय? कोण पडलं? कुणाचं पोर जिंकलं?

माहीत नाही ना? राहू दे. मृदंग घ्या, पेटी चढवा, आणि त्या लेकरांचा गलका खाली पडू न देता, त्याच्या बरोबरीनं बोला — विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!